शिट्टीला ओ

आई गेली तो दिवस दुपारपर्यंत इतका साधा होता की त्यातलं काही लक्षात ठेवावं असं मला वाटलं नव्हतं. सकाळीच वीज गेली. कोपऱ्यावरच्या खांबावर वायरमन चढला होता आणि खालून जाणाऱ्या प्रत्येकाला वरूनच सांगत होता, "संध्याकाळशिवाय नाही. विचारू नका." तरी प्रत्येक जण विचारत होता.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी आणि पंप उघडून त्यांत नवी तांब्याची तार भरून द्यायची, हा त्यांचा धंदा. वीज नसली की मोटार चालवून बघता येत नाही, पण तार हातानं गुंडाळता येते. ते खिडकीशी बसून तार गुंडाळत होते आणि ओठांतल्या ओठांत वेढे मोजत होते. बाबा वेढे मोजत असताना त्यांच्याशी बोलायचं नाही, हा आमच्या घरातला सगळ्यात जुना नियम. आई तो रोज मोडायची.

"अहो, ऐकलंत का? लव्हाळ्यात पुन्हा कुणीतरी जाळं लावलंय."

बाबांनी नुसती मान हलवली. मोजणं चालूच.

"तुमच्या मेहुण्याचंच असणार. बहीण आहे म्हणून मी गप्प बसेन असं वाटतं त्याला."

"तुला गप्प बसलेलं पाहिलंय कुणी?" बाबा म्हणाले, आणि मग कपाळावर हात मारून घेतला. "गेले. गेले माझे वेढे."

आई हसली. बाबा तार उलटी सोडू लागले. आईनं गळ्यातली शिट्टी काढून मांडीवर घेतली होती आणि टाचणीनं तिच्यातली माती खरवडत होती. खरवडून झाल्यावर तिनं ती घरातच वाजवून पाहिली. शेजारच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "बाई, आम्ही यायचं का?"

"नको, नको! नुसती बघतेय."

"नुसतीच बघत जा!"

आई यावरही हसली. दवाखान्यात जन्मभर नर्स म्हणून काम केलेल्या बाईला टोमण्यांचं काही वाटत नसे.

आमच्या गल्लीच्या मागे दलदल आहे. माझ्या लहानपणी ती नुसती दलदलच होती. कचरा टाकायची आणि मुलांना भीती घालायची जागा. पुढे प्रकल्पाच्या मॅडम आल्या आणि तिचं पाणथळ क्षेत्र झालं. लांबून येणारे पक्षी तिथे घरटी करतात, ती जागा राखायला हवी, आणि ती बाहेरचे पहारेकरी नेमून राखली जाणार नाही, जे तिच्या काठावर राहतात त्यांनीच राखायला हवी, असं त्या म्हणाल्या. त्याला त्या लोकसहभाग म्हणत. समिती झाली. प्रत्येक घराला एक शिट्टी मिळाली. कुणी जाळं लावताना, अंडी उचलताना, भराव टाकताना दिसलं की शिट्टी वाजवायची. ऐकू येईल त्या प्रत्येक घरातून एकानं हातातलं काम टाकून धावायचं.

आणि हे खरोखर चाललं, हे मला सांगायलाच हवं. दलदल बुजवून घरं बांधायला निघालेल्या कुणा कंत्राटदाराचे मातीनं भरलेले ट्रक एकदा सकाळी येऊन उभे राहिले. आईनं शिट्टी वाजवली. अख्खी गल्ली, काही जण दात घासता घासता, ट्रकसमोर जाऊन उभी राहिली. ट्रक आले तसे गेले. त्या दिवसापासून आईला कुणी नर्सबाई म्हणेनासं झालं. शिट्टीबाई म्हणू लागले.

समितीचे नियमही तिनंच करून घेतले होते. कुठलाही ठराव सर्वानुमते झाला तरच व्हायचा. एकदा झाला की तो प्रत्येकावर बंधनकारक. आणि सभेत नसलेल्याला सभेतली गोष्ट सांगायची नाही. "नाहीतर घरोघरी फाटे फुटतात," ती म्हणायची. तिला कुणी विरोध केला नाही. विरोध करायला तिच्यापेक्षा जास्त वेळ बोलावं लागलं असतं.

पण ट्रक काही रोज येत नाहीत. आई मात्र शिट्टी रोज वाजवू लागली. कुत्रं बदकांमागे लागलं, शिट्टी. कुणी काठावर स्कूटर धुतली, शिट्टी. एकदा एक बगळा लंगडत होता म्हणून वाजवली. लोक जेवत्या पानावरून उठून, खरकट्या हातांनी धावत आले. "आज काय, बाई? बगळ्याचा वाढदिवस?" असं कुणीतरी विचारलं. आई म्हणाली, "जेवण गार झालं तर गरम करता येतं. पक्षी मेला तर काय करशील?" तिला उत्तर सुचत नाही असं कधी व्हायचं नाही. माणसांना ते आवडत नसे.

आणि मामा. आईचा धाकटा भाऊ, समितीतलाच. त्याची जाळी तिनं स्वतः पकडली आणि समितीच्या आवारात सगळ्यांसमोर त्यालाच ती जाळायला लावली. मामा जाळताना हसत होता. "ताई, काडीपेटी तरी तुझी दे," म्हणाला. आईनं दिली.

त्या दुपारी माझी बस होती. सुट्टी संपली होती. मी लांबच्या शहरात एका वाचनालयात काम करते. आई मला थांब्यापर्यंत सोडायला येणार होती. माझी पिशवी तिनंच भरली, मला नको असलेलं सगळं त्यात कोंबलं. आम्ही दाराबाहेर पडलो आणि दलदलीवरून पक्ष्यांचा एक मोठा थवा एकदम उठला.

आई थांबली. "कुणीतरी आहे तिथे."

"आई, माझी बस."

"बस काय, रोज असते. तू हो पुढे." ती पुन्हा घरात शिरून रबरी बूट चढवू लागली. "आणि रात्री वाचत बसू नकोस. पुस्तकातली बदकं कुठे पळून जात नाहीत. पोचलीस की फोन कर."

बाबा दारापर्यंत आले, "नीट जा" म्हणाले, आणि आत जाऊन पुन्हा पहिल्या वेढ्यापासून मोजू लागले. वायरमन अजून खांबावरच होता. गल्लीत इतकं शांत होतं की आईच्या बुटांचा फचफच आवाज मला वळणापर्यंत ऐकू येत होता.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. ते म्हणाले, "लाईट आली, तरी ती आली नाही. म्हणून बघायला गेलो."

"मग?"

मागे कुणीतरी रडत होतं. ती मामी होती, हे मला नंतर कळलं.

काठ खचला होता. लव्हाळ्यात लावलेलं नायलॉनचं जाळं तिच्या पायांना गुडघ्यांपर्यंत गुंडाळलेलं होतं. पाणी फार नव्हतं. उभं राहता आलं असतं तर कमरेलाही लागलं नसतं. शिट्टी तिच्या दातांत होती. जिथे तिचा जन्म गेला त्याच दवाखान्यात तिला नेलं, आणि तिच्या जुन्या मैत्रिणीला, दुसऱ्या नर्सला, ती शिट्टी दातांतून सोडवायला बराच वेळ लागला.

चौकशीसाठी पोलीस आला तो बाहेरगावचा होता. आवारात सगळी गल्ली जमली होती. कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. वारा उलटा होता, असं मामा म्हणाला. हो हो, वारा उलटा होता, असं बाकीचे म्हणाले. मग पोलिसानं बाबांना विचारलं. त्यांचं घर तर सगळ्यात जवळचं.

"मोटार चालू होती," बाबा म्हणाले. "दुरुस्तीला आलेली. आवाज फार असतो तिचा."

मी चहाचे कप घेऊन शेजारीच उभी होते. वीज नव्हती हे आवारातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. खांबावर चढलेला वायरमनसुद्धा तिथेच होता, दाराला टेकून. कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, धक्क्यात आहेत, दिवसांची सरमिसळ झाली असेल. मी कप वाटले.

दुकानात खिडकीशी एक गुंडाळी अर्धीच पडलेली होती. तारेचं टोक तोडलेलंही नव्हतं. काही दिवसांनी पाहिलं तर बाबांनी ती सगळी उलगडून टाकली होती.

मी रजा वाढवून घेतली. आईचं कपाट रिकामं करायला मामी मदतीला आली. ती भराभर घड्या घालत होती, आणि मधूनमधून एखादी वस्तू माझ्याकडे न बघता बाजूला ठेवत होती. आईचा राखाडी स्वेटर तिनं अंगात घालून पाहिला.

"मला होतोय बघ. तुला तर ढगळच होईल."

"घ्या ना."

"तसं नाही गं, आठवण म्हणून." आरशात बघत तिनं बाह्या दुमडल्या. "बिचारी. किती वेळ वाजवत होती! मग थांबली, तेव्हा आम्हाला वाटलं, गेली चिडून घरी."

मी हातातली घडी खाली ठेवली. "कुणाला वाटलं, मामी?"

तिनं आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. स्वेटर काढायला लागली, तर तो डोक्यात अडकला. लोकरीच्या आतूनच ती बोलत होती. "आमच्या मनात काही नव्हतं गं. ठराव होता. आई तुझी प्रशिक्षणाला गेली होती ना मॅडमकडे, तेव्हा झाली सभा. आठ दिवस तिच्या शिट्टीला कुणी जायचं नाही. म्हणजे तिला कळेल, ऊठसूट वाजवायची नसते. आठच दिवस. तुझ्या मामांनी मांडला, पण मत सगळ्यांचंच. सर्वानुमतेच लागतं ना? तिचाच नियम."

तिचं डोकं बाहेर आलं. केस विसकटले होते.

"सगळ्यांचंच?"

"हात वर करूनच झालं," ती म्हणाली. "एक जरी हात खाली असता तरी ठराव झाला नसता." आणि मग, मला धीर द्यावा तशी, "तुझ्या बाबांना तर मोटारीमुळे ऐकूच आलं नाही म्हणे."

जाताना ती स्वेटर घेऊन गेली.

बाबा दुकानात एका पंपाला वॉर्निश लावत होते. तो वास माझ्या लहानपणाचा वास आहे. मी त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसले.

"बाबा, तुम्ही हात वर केला होतात?"

ब्रश थांबला नाही. "मामी बोलली वाटतं."

"केला होतात?"

"गंमत होती गं. सगळे हसत होते. मला म्हणाले, तुमचा तर पहिला वर यायला हवा, तुम्ही तर घरी पण ऐकता. मीही हसलो." त्यांनी ब्रश डब्याच्या कडेला निपटला. "वाटलं, एकदा वाजवेल, कुणी येणार नाही, घरी येऊन तोंड सोडेल. मग सांगू. मग तीही हसेल."

"आधी का नाही सांगितलंत तिला?"

"सभेतलं बाहेर बोलायचं नाही. नियम कुणाचा?" एवढं म्हणून ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं. "ऐकू आली असती तर गेलो असतो बाळ. ठराव गेला खड्ड्यात. मी नसतो का गेलो? पण मोटार चालू होती."

त्यांनी वर पाहिलं. माझे वडील कुणाकडे काही मागणाऱ्यांतले नाहीत. त्या वेळी ते मागत होते. ते खिडकीशी बसलेले मला दिसत होते, हातात तार, ओठांवर एखादा आकडा, आणि बाहेर ती शिट्टी, पहिल्यांदा लांब, मग तुटक. त्यांनी मोजणं कुठे सोडलं असेल, आणि सोडल्यावर किती वेळ नुसतेच बसून राहिले असतील, हे त्या अर्ध्या गुंडाळीवरून कुणालाही कळलं असतं. पण मला आता एवढं एकच माणूस उरलं होतं.

"हो, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

वर्ष भरायच्या आधी समितीला बक्षीस जाहीर झालं. लोकसहभागातून अधिवास राखल्याबद्दल. मामा आता समितीचा अध्यक्ष होता. त्यानं मला फोन केला. दलदलीच्या काठावर पक्षी बघायला मनोरा होतोय, त्याला ताईचं नाव द्यायचं ठरलंय, म्हणाला. सर्वानुमते.

"आणि तिची शिट्टी मनोऱ्यावर काचेत लावू. माझ्याकडेच आहे ती."

"ती आमच्याकडे द्यायला हवी होती, मामा."

"अगं पोरी, समितीची वस्तू आहे ती."

मनोऱ्याच्या कार्यक्रमाला मी गेले. सकाळपासून लोक गल्ली झाडून घेत होते. बाबा मात्र रोजच्यासारखे दुकानात होते. नवी तार भरलेली एक मोठी मोटार त्यांनी बाकावर पक्की करून चालू केली होती, आणि ती असा काही आवाज करत होती की मला काही सांगायचं तर ओरडावं लागत होतं.

"कार्यक्रमाला यायचं नाही?"

"काय?"

"कार्यक्रम!"

"येतो! हे जरा बघतो!" मग माझ्या जवळ येऊन, कानाशी, "तू काही बोलणार नाहीस ना तिथे? बोलायला सांगतील तुला. आईबद्दल दोन शब्द बोल. चांगले. मला याच माणसांत राहायचंय गं. तू जाशील उद्या निघून."

मी मान डोलावली. खरंच माझा तसा काही विचार नव्हता. दोन चांगले शब्द मी बसमध्येच ठरवून आले होते.

तेवढ्यात दलदलीच्या बाजूनं शिट्टी वाजली.

मी ती ओळखली. टाचणीनं कितीही खरवडली तरी तिच्यातून थोडी हवा निसटायची. बाबांनी हातातला पाना टाकला आणि ते दाराबाहेर पळाले. चपला न घालता. या वयात त्यांना मी कधी पळताना पाहिलं नव्हतं. शेजारच्या दारातून एक जण आला, समोरच्या दारातून दोघं. कुणाच्या हाताला साबण होता. मी त्यांच्या मागोमाग चालत गेले.

काठावर पाहुणे उभे होते, मॅडम उभ्या होत्या, आणि मामा आईची शिट्टी तोंडातून काढून हसत होता. पाहुण्यांना पद्धत प्रत्यक्ष बघायची होती, म्हणून मॅडमनी वाजवायला सांगितली होती. लोक धापा टाकत गोळा झाले आणि खरं काय ते कळल्यावर हसायला लागले.

"अध्यक्ष, हा साबण तुम्हीच धुवा आता!" साबणाचे हात पुढे करत कुणीतरी म्हणालं.

"एक घर सुटलं नाही बघा," मॅडम पाहुण्यांना सांगत होत्या. त्यांचे डोळे पाणावले होते. त्या भल्या बाई आहेत. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. "हे कायदा करून होत नाही. लोकांना ते आपलं वाटावं लागतं."

मामानं बाबांना दंडाला धरून पुढे आणलं. "हे आमचे मेहुणे. ताईचे मिस्टर."

पाहुण्यांतल्या वयस्कर गृहस्थांनी बाबांचा हात हातात घेतला. "फार वाईट झालं. त्या दिवशी नेमकं कुणालाच ऐकू आलं नाही, असं कळलं."

"काय करणार, साहेब," बाबा अजून धापा टाकत होते. "दुकानात मोटार चालू होती. मोटार चालू असली की काही म्हणजे काही ऐकू येत नाही."

पाहुण्यांनी मान हलवली. मॅडमनी डोळे टिपले. सगळी गल्ली खाली बघत होती. शांतता झाली, आणि त्या शांततेत आमच्या घराकडून एक सलग घरघर येत राहिली. ती बंद करायलाही बाबा थांबले नव्हते.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्ही बोलता ना दोन शब्द? आईंबद्दल?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी थोडी मान हलवली. नको, अशी.

"बाबा," मी म्हणाले, "मोटार आत्ता चालू आहे. ऐका. ती चालू असताना तुम्ही पळत आलात." माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला. "आणि त्या दिवशी दुपारभर लाईटच नव्हती."